दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

कोणाच्या हळदीत नाहीतर गणपतीत माझ्या हातात माइक आला की फर्माइशी ठरलेल्या असतात. पुढारी कर. क्रिकेटची कॉमेंट्री कर. आमच्या वैजापूरच्या शाळेचे हेडसर कर, ज्यांना "विद्यार्थ्यांनो" म्हणायच्या आधी खोकला यायचा आणि म्हणून झाल्यावर राग. सगळे करतो. घशाचीच तर मजुरी आहे. पण उस्मानपुऱ्यातल्या आमच्या जुन्या दवाखान्यातलं कोणी भेटलं आणि म्हणलं, "सबीहा मॅडम कर ना," तर मी विषय बदलतो. ती नक्कल मी पूर्ण एकदाच केली. तेव्हा समोर स्वतः मॅडम बसल्या होत्या, हातात शीरखुर्म्याची वाटी घेऊन.

मॅडम म्हणजे हृदयाच्या डॉक्टर. साठीच्या अलीकडं, ठेंगण्या, बारीक. सुती सलवार-कमीज, वर पांढरा कोट आणि पायात कायम स्पोर्ट्सचे बूट. नव्या पेशंटला वाटायचं बाई सकाळच्या फिरण्यावरून घरी न जाता सरळ इकडंच आल्या. पेशंटशी मराठी बोलायच्या, दुकानदाराशी दखनी, फोनवर लेकाशी इंग्रजी, आणि मशीन अडकलं की तिन्ही एकदम. नवरा वारलेला, लेक परदेशात, घरी एकट्या. रविवारी स्वतः गाडी चालवत फुलंब्रीकडच्या खेड्यांत फुकट तपासायला जायच्या. सोबत कोणी येतो म्हणलं तर म्हणायच्या, "नक्को. गाडीत बडबड केली की माझा रस्ता चुकतो."

मी ईसीजी काढायचा कोर्स करून त्यांच्याकडं नोकरी मागायला गेलो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या वॉचमन खालेद चाचांची नक्कल करून सुमनताईंना हसवत होतो. सुमनताई म्हणजे त्या दवाखान्याचं रिसेप्शन, बिल, चहा आणि शिस्त. आतून मॅडम आल्या. मला वाटलं, गेली नोकरी.

"चाचा बोलताना कुठला खांदा उचलतात?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"का?"

"माहीत नाय मॅडम. उचलतात."

"उजवा दुखतो त्यांचा. मला सांगत नाहीत." मग सुमनताईंकडं वळून, "याला घ्या. नक्कल करणाऱ्याला दिसतं. बाकीचे नुसते बघतात."

माझं सर्टिफिकेट कोणी पाहिलंच नाही. मार्क पाहता ते बरंच झालं. त्या दिवसापासून माझं नाव पडलं नकल्या.

मॅडमकडं येणारे बहुतेक लोक कुठं ना कुठं पडलेले असायचे. कोणी बसस्टॉपवर, कोणी वरातीत, कोणी न्हाणीत. पडून उठलेले, धडधाकट, हातात आधीच्या डॉक्टरांची फाइल, आणि फाइलीत एकदम स्वच्छ ईसीजी. आमच्याकडं त्याला पट्टी म्हणतात. "पट्टी तर नॉर्मल हाय म्हणतेत मॅडम," असं पेशंट म्हणाला की मॅडम हमखास म्हणायच्या, "पट्टी किती वेळ काढली? तुमच्या आंघोळीला याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात नॉर्मल होती, एवढंच कळलं."

मला त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. हृदयात वरच्या खोलीतून हाक निघते. ती बारीक तारेतून खाली जाते, आणि खालची खोली ओ देऊन ठोका देते. कधीकधी हाक जाते, ओ येत नाही. पण सारखं नाही, अधूनमधून. पकडायला गेलं की तार सज्जन.

"तुझ्या शाळेत बुडवी पोरं होती ना?" मॅडमनी विचारलं.

"मीच होतो मॅडम."

"मग तुला लवकर समजेल. एक पोरगं सोमवारी थोडं उशिरा येतं, मंगळवारी अजून उशिरा, बुधवारी त्याहून, आणि गुरुवारी गायब. शुक्रवारी परत वेळेवर. ही तार दमते, खाडा करते, ताजी होते. हे पोरगं बरं. ते सांगून बुडवतं. दुसरं पोरगं रोज बरोब्बर घंटेला हजर. वहीला कव्हर, केसाला तेल. आणि एक दिवस येतच नाही. मला याची भीती वाटते."

"आणि ते का बुडवतं?"

"त्यातही प्रकार आहेत. काही तारा घाईत बुडवतात. ठोके जवळजवळ आले की तारेला सावरायला वेळ मिळत नाही, एक हाक सुटते. काही उलट, आरामात बुडवतात. मधेच एखादा आगाऊ ठोका येतो, त्याच्यामागं जरा शांतता पडते, आणि त्या शांततेत तार झोपून जाते. हाका वरून चालूच, खाली कोणी उठत नाही. आणि काहींची तार बिचारी चांगली असते, वरून मेंदूच ब्रेक मारतो. सुई बघितली, जोरात खोकला आला, की ब्रेक."

हे तिन्ही प्रकार पट्टीवर सापडायचे नाहीत, कारण पट्टी काढताना माणूस आडवा, गप्प आणि घाबरलेला असतो. म्हणून मॅडमच्या दोन पद्धती होत्या. त्या पाहून नवीन माणसाला वाटायचं, बाईंचं काही खरं नाही.

पहिली पद्धत, "करून दाखव." पेशंट कसा पडला ते नातेवाइकांना सांगू द्यायच्या नाहीत. सांगितलं की माणूस मीठमसाला घालतो. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं उभं राहून पडून दाखवायचं. त्यासाठी खोलीच्या कोपऱ्यात एक जाड गादी असायची. आमच्या त्या गादीवर अर्धा जिल्हा पडून गेलाय.

दुसरी पद्धत, जिना. दवाखाना तळमजल्यावर. पहिल्या मजल्यावर विमा एजंट, दुसऱ्यावर कोचिंग क्लास, तिसऱ्यावर टेलर. मॅडम पेशंटला घेऊन स्वतः तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायच्या. बूट त्यासाठी. लिफ्ट होती. "लिफ्टमधी हृदय काही बोलत नाही," म्हणायच्या. चढताना पेशंटशी सारखं बोलायचं, आणि दुसऱ्या मजल्यावर, क्लासच्या पोरांच्या चपलांच्या ढिगाशेजारी थांबून त्याची नाडी बघायची. ज्याला मेंदूचा ब्रेक लागतो त्याची नाडी चढताना सुधारते. ज्याची तारच खराब, त्याची नाडी चढता चढता एकदम अर्धी होते. मागं मी, गळ्यात बॅटरीवालं छोटं मशीन अडकवून. टेलरचा कारागीर मला विचारायचा, "आज कोणाची वरात?"

एकदा एक शाळामास्तर आले. रक्त तपासायला सुई पाहिली की पडायचे. बायकोनं करून दाखवलं. आधी जांभई, मग कपाळाला घाम, मग "अगं मला कसंतरी होतंय" असं नीट जाहीर करून, चष्मा काढून ठेवून पडणे. जिन्यावर मास्तरांची नाडी घोड्यासारखी पळाली. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगून पडता. कसंतरी झालं की आडवे व्हा, पाणी भरपूर प्या. आणि सुईकडं बघता कशाला? तिच्यात काय लिहिलंय?"

शेंद्र्याच्या विष्णूची गोष्ट वेगळी. विष्णू तिथल्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. घरी थोडी शेती. दोनदा पडला होता, घरीच. कारखान्यानं सांगितलं, धडधाकट असल्याची चिठ्ठी आण नाहीतर घरी बस. एका ठिकाणी फिट्सच्या गोळ्या दिल्या होत्या, गावात लिंबू उतरवून झालं होतं. सोबत आई आणि बायको.

मॅडम म्हणाल्या, "करून दाखवा."

आई पुढं झाली. दोन्ही हात वर, "अगं माय" करत गोल फिरली, भिंतीला टेकली, तिथून पाट मांडल्यासारखी सावकाश गादीवर बसली.

"अम्मा," मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही पडल्या. तो कसा पडला?"

"मी कुठं व्हते तवा. मी मळ्यात व्हते."

मग बायको उठली. नाव मीरा. आधी लाजली. मग जेवायला बसल्यासारखी बसली, हातात खोटा घास धरला आणि म्हणाली, "उद्या फर्स्ट शिफ्टला..." आणि गेली. दोरी तुटल्यावर वाळत घातलेलं कापड पडतं तशी. घास तसाच बोटांत. मग तिनं डोळे उघडले, उठून बसली आणि म्हणाली, "...जायचंय, डबा लवकर कर."

"वाक्य तिथूनच सुरू केलं?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. त्यास्नी पडल्याचं ठावंच नव्हतं. मला म्हणले, अशी काय बघती? तोंड आधी पांढरं फक पडलं आन् मग लालबुंद."

मॅडम उठल्याच. "चला दादा, वर टेलरकडं जाऊ."

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर विष्णूची नाडी अर्धी झाली. माझ्या पट्टीवर वरची हाक बरोब्बर येत होती, खालचा ठोका एक आड एक गायब. मॅडमनी त्याला तिथंच पायरीवर बसवलं आणि पेसमेकर बसवावा लागेल म्हणून सांगितलं.

विष्णू म्हणाला, "सोयाबीन निघू द्या मॅडम, मग बघू. आत्ता तर काय होत नाय मला."

तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मला आवाजासकट पाठ आहे. "दादा, सांगून बुडवतो त्याची वाट बघता येते. न सांगता बुडवतो त्याची नाही. तुम्ही लोखंड उचलून चार माणसांच्या डोक्यावरून नेता. तार कधी बुडवेल हे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही, तारेलाही माहीत नाही. कशाची वाट बघायची?"

मागोमाग चढलेली मीरा म्हणाली, "सोयाबीन मी काढते." पेसमेकर बसवला. कारखान्यानं त्याला स्टोअरला घेतलं. त्यानंतर मॅडमकडं शेंद्र्याहून येणाऱ्यांना करून दाखवायची पद्धत आधीच माहीत असायची. काहीजण घरून तालीम करून यायचे.

आता रमजानचं सांगतो.

त्या वर्षी रोज्यांत एका सकाळी मॅडम कपाळाला बँडेज चिकटवून आल्या. सुमनताईंनी विचारलं. आदल्या दिवशी इफ्तारच्या घाईत स्वयंपाकघरात पडल्या होत्या. "पाणी नाही पोटात, चक्कर आली. होतं," म्हणाल्या.

"कशा पडलात?" सुमनताईंनी विचारलं.

"मला काय माहीत? मी एकटीच होते. डोळे उघडले तर फरशीवर. दूध उतू गेलेलं."

सुमनताई ऐकतात होय. ईसीजी काढायलाच लावला. मी काढला. पुस्तकात छापावी अशी पट्टी. मॅडमनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "देख, किती सुंदर." आणि तारीख टाकून ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

मी सुमनताईंकडं बघितलं, सुमनताईंनी माझ्याकडं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाची असती तर म्हणल्या असत्या, आंघोळीला याहून जास्त वेळ लागतो." आणि रविवारी चाचांना गाडीत सोबत न्या म्हणून मागं लागल्या. मॅडम हसल्या आणि एकट्याच गेल्या. तो रविवार, त्याच्या पुढचाही. सुमनताई संध्याकाळी त्यांचा फोन येईपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "स्टेअरिंगवर असताना तसं झालं तर रे?" पडताना बघितलेलं माणूस नाही, मग करून दाखवणार कोण?

ईद झाली. बासी ईदेला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, मॅडमनी दवाखान्यात शीरखुर्मा आणला. दुपारची ओपीडी संपलेली. सुमनताई, चाचा, मी, मॅडम. वाट्या फिरल्या. चाचा म्हणाले, "नकल्या, आज मॅडम की कर."

मी मॅडमकडं बघितलं. "कर की," त्या म्हणाल्या. "रागावणार नाही. नंतर बघून घेईन फक्त."

मग मी केली. सुमनताईंचा चष्मा लावला, टॉवेलचा कोट केला. आधी गादीशेजारी उभं राहून "अम्मा, हे तुम्ही पडल्या" केलं. चाचांना ठसका लागला. मग जिना. जागच्या जागी पाय उचलत, एका हातानं न दिसणाऱ्या पेशंटचं कोपर धरून, मॅडमच्या आवाजात: "या काका, घाई नाही, घाई गोळीबाराला असते. पाऊस काय म्हणतो तिकडं? कमी? मग यंदा कापूस..." इथं दुसरा मजला. मी थांबलो. डावा हात कठड्यावर. हनुवटी जरा वर, नजर खिडकीत, जसं एखाद्याचं नाव आठवतोय. तोंड अर्धं उघडं. मग काकांची नाडी धरली आणि, "...लावला का नाही?"

सुमनताई हसून लाल झाल्या. चाचांनी टाळी वाजवली. कारण ते अगदी तसंच होतं, सगळ्यांनी रोज पाहिलेलं.

मॅडमचा चमचा वाटीच्या वर थांबला होता.

"परत कर," त्या म्हणाल्या. "खालून."

मी परत केलं. यावेळी कोणी हसलं नाही, कारण मॅडम बघत होत्या ते पेशंटच्या बायकोकडं बघायच्या तसं.

"पहिल्या मजल्यावर थांबते मी?"

"नाय. तिथं बोलत असता."

"तिसऱ्यावर जाताना?"

"हळू जाता. पेशंटला वाटतं त्याच्यासाठी."

"उतरताना?"

"उतरताना काहीच नाय. उलट माझ्या पुढं असता."

"दुसऱ्यावर मी पेशंटची नाडी बघायला थांबते."

"नाडी नंतर बघता मॅडम. आधी कठडा धरता."

"आणि वाक्य?"

"जिथं तुटलं तिथनं सुरू."

मॅडमनी चमचा वाटीत सोडला. मग विचारलं, "तुझ्या नकलेत हे आधीपासून आहे?"

मी आठवून बघितलं. दिवाळीला सुमनताईंना नुसता जिना करून दाखवला होता तेव्हा तो थांबा नव्हता. संक्रांतीला चाचांना तेवढाच दाखवला तेव्हा थांबा छोटा होता. नकलेचं असं असतं, समोरचं माणूस बदललं की आपोआप बदलते, आपल्याला कळतसुद्धा नाही.

"रोजे तर संपले," सुमनताई हळूच म्हणाल्या. "आज पण थांबलात सकाळी."

मॅडमनी वाटी खाली ठेवली. "मशीन घे."

सुमनताईंनी आत नेऊन त्यांच्या अंगाला वायरी लावल्या. मग आम्ही चढलो. यावेळी मॅडम कोणाचं कोपर धरून नव्हत्या, त्यांचं कोपर सुमनताईंनी धरलं होतं. "बोला काहीतरी," मॅडम म्हणाल्या, "गप्प चढले तर खरं दिसणार नाही." सुमनताईंना काही सुचेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, शीरखुर्म्यात चारोळी किती घालायची?" मॅडम सांगू लागल्या. दूध किती आटवायचं, शेवया कशात परतायच्या, पहिला मजला गेला, खजूर कधी... आणि चपलांच्या ढिगाशेजारी त्यांचा हात कठड्यावर गेला.

मशीनमधून पट्टी बाहेर आली. वरची हाक, ठोका. वरची हाक, काही नाही. वरची हाक, ठोका. वरची हाक, काही नाही. एक आड एक, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं बरोब्बर.

"...नंतर घालायचा," मॅडम म्हणाल्या. "शेवटी. नाहीतर गाळ होतो." मग पायरीवर बसल्या आणि हात पुढं केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. क्लासमधून पोरं कसलंतरी सूत्र एका सुरात म्हणत होती.

"क्या मस्त पट्टी है," त्या म्हणाल्या. "किती दिवस शोधते आहे मी अशी. पेशंट कोण आहे, दाखव जरा."

सुमनताईंनी त्यांचं कोपर अजून सोडलं नव्हतं.

"घाईत बुडवणारी आहे," त्या म्हणाल्या. "बसून स्वच्छ, चढताना बुडवते. रमजान झाला, आता थोडे दिवस बघू. रविवारचं फुलंब्रीचं ठरलेलं आहे, लोक येऊन बसतात. ते करून येते, मग पुढच्या महिन्यात..."

सुमनताईंचा चेहरा पडला. मला माझ्या आवाजात बोलायची हिंमत नव्हती. म्हणून मी मॅडमच्याच आवाजात बोललो.

"दादा, सांगून बुडवतो त्याची वाट बघता येते. न सांगता बुडवतो त्याची नाही. तुम्ही लोखंड उचलून चार माणसांच्या डोक्यावरून नेता. कशाची वाट बघायची?"

मॅडमनी मान वर केली. "मी असं बोलते?"

"व्हय."

"पेशंटला?"

"पायरीवर बसवून."

"लई आगाऊ बाई आहे," मॅडम म्हणाल्या. मग कोटाच्या खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि सुमनताईंच्या हातात दिली. "चाचांना द्या. आणि त्यांना सांगा, रेडिओ लावायचा नाही."

त्याच आठवड्यात त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं पेसमेकर बसवला. तो पोरगा घाबरलेला होता म्हणे. टेबलावर पडल्या पडल्या मॅडम त्याला सांगत होत्या, घाई नाही, घाई गोळीबाराला असते. रविवारी फुलंब्रीची मंडळी येऊन बसली, त्यांना चाचांनी जाऊन सांगितलं की बाई पुढच्या वेळी येतील. लोकांनी चाचांनाच नाड्या दाखवल्या. चाचांनी बघितल्या.

पुढं मला शेंद्र्याला एका कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि मी उस्मानपुरा सोडला. निघताना मॅडम म्हणाल्या, "तिकडं कोणी पडलं तर आधी विचार, कोणी बघितलं?" एवढाच निरोप समारंभ.

मागच्या महिन्यात त्या बाजूला काम होतं म्हणून गेलो. सुमनताईंनी चहा टाकला. चाचांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, आता ते बोलताना दोन्ही खांदे उचलतात, म्हणजे तीही नक्कल मला नव्यानं बसवावी लागणार. "मॅडम?" मी विचारलं. सुमनताईंनी बोटानं जिना दाखवला.

जिन्याच्या तळाशी उभा राहून मी मधल्या मोकळ्या जागेतून वर बघितलं. मॅडम एका धोतरवाल्या बाबांचं कोपर धरून चढत होत्या. तेच बूट. बाबा मोठे, त्या एवढ्याशा, नक्की कोण कोणाला चढवतंय कळत नव्हतं. आवाज खालपर्यंत येत होता. "मग बाबा, सून काय म्हणते, तुम्ही पडलात तेव्हा तिनं..." दुसरा मजला आला. चपलांचा ढीग. माझाच हात आपोआप कठड्यावर गेला.

बाबा थांबले. मॅडम थांबल्या नाहीत. त्यांचा पाय पुढच्या पायरीवर पडलाच होता, बाबांसाठी त्यांनी तो मागं घेतला, नाडी बघितली, आणि बोलतच दोघं वळणाआड गेले. वाक्य वर तिसऱ्या मजल्यावर कुठंतरी संपलं असणार. मला ते खालून ऐकू आलं नाही.